वाढलेल्यांची मोजणी

माझे वडील नोव्हेंबरमध्ये वारले आणि डिसेंबरच्या पक्षीमोजणीत ते कोळपाण्यावर सापडले. शेकाट्या पक्ष्यांच्या डाव्या हाताला, घोटाभर पाण्यात, काठाकडे पाठ करून ते उभे होते. दाभाडेकाकांनी त्यांना मोजलं आणि दुपारी घरी फोन केला.

"सुलू, अभिनंदन," ते म्हणाले. "आप्पा मोजणीत आले."

"कुठे होते?"

"तीन नंबरच्या विभागात. त्यांचाच विभाग तो. दुसरीकडे कुठे जातील?"

फोन ठेवून मी आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. हातातली शेंग तिने पूर्ण सोलली, दाणे पातेल्यात सोडले, टरफल टोपलीत टाकलं.

"म्हणजे दुसरा रविवार चुकवला नाही," ती म्हणाली.

दहाव्याला आमच्याकडे कावळा लगेच शिवला होता. पिंड ठेवून आम्ही मागे सरायच्या आत तो झाडावरून खाली उतरला. नातेवाईक म्हणाले, समाधानाने गेले, मागे काही अडकलं नव्हतं. गुरुजींनाही ते आवडलं, कारण त्यांना पुढे आणखी एक दहावा होता. मी मात्र परतताना रिक्षात एवढाच विचार करत होते, की अडकून राहावं असं आमच्याकडे त्यांना काहीच सापडलं नाही.

कोळपाणी म्हणजे धरणाच्या फुगवट्याचं पाणी. उथळ, गाळाचं, लव्हाळ्यांनी भरलेलं. हिवाळ्यात तिथे दुरून बदकं उतरतात म्हणून त्याचं अभयारण्य झालं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी तिथले पाणपक्षी मोजतात. ही मोजणी आप्पांनी सुरू केली. ते पाटबंधारे खात्यात आरेखक होते आणि कोळपाण्याचे विभाग त्यांनीच नकाशावर आखले होते. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांना त्यांनी एकच अट घातली: तारीख दुसऱ्या रविवारी नको. ते लग्न टिकलं नाही, पण त्यात तारखेचा दोष नव्हता. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तो दुसरा रविवार होता. शुद्धीवर आल्यावर तिने मला पहिला प्रश्न विचारला, "चक्रवाक आले का?"

शेवटची दोन वर्षं मात्र आप्पा मोजणीला जात नव्हते. त्यांना काढलं होतं. दाभाडेकाका पक्षीमित्र मंडळाचे अध्यक्ष आणि आप्पांचे जुने मित्र. ते आप्पांना 'वजाबाकी' म्हणायचे. सुरुवातीला तोंडावर, थट्टेने. नंतर पाठीमागे, गंभीरपणे.

जानेवारीत मी स्वतः गेले.

मनोऱ्यावर दाभाडेकाका होते आणि वनपाल खैरनारमॅडम. खैरनारमॅडम माझ्याच वयाच्या. खाकी गणवेशावर त्यांनी घरचा लाल स्वेटर घातला होता. तिपाईवर मोठी दुर्बीण लावलेली होती. मी डोळा लावला.

आप्पा होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगात राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला काही नाही. ते एका पायावर उभे होते. त्यांच्या गुडघ्यात वाटी बसवलेली होती आणि गेली काही वर्षं पायजमा घालतानासुद्धा त्यांना भिंतीला टेकावं लागायचं. आता लागत नव्हतं. वारा सुटला. लव्हाळे वाकले, पाण्यावर सुरकुत्या आल्या. आप्पांचे केस हलले नाहीत. शेजारच्या शेकाट्यांची पिसंही हलली नाहीत.

"बघ, तब्येत सुधारली की नाही," दाभाडेकाका म्हणाले.

मी मोठ्याने "आप्पा!" अशी हाक मारली.

"ताई, ओरडू नका," खैरनारमॅडम म्हणाल्या. "पक्षी उठतील."

"हे उठतील?"

"हे नाही. ते." त्यांनी बांधाकडे बोट दाखवलं. तिथे दोन टिटव्या चालत होत्या. "उठणारे तेवढेच आहेत."

पाण्यावर तेव्हा हजारो पक्षी होते. थापट्या, तलवार बदकं, हळदीकुंकू बदकं, पाणकावळे, बगळे. कुणी उभे, कुणी पाण्यावर बसलेले. सगळ्यांची पाठ आमच्याकडे होती.

"मग बाकीचे?"

"बाकीचे वाढलेले."

मला वाटलं, संख्या वाढली आहे असं त्या सांगतायत. मी मान डोलावली. त्यांना कळलं की मला कळलेलं नाही.

"बांगडी वाढते ना ताई, तसे वाढलेले."

"म्हणजे मेलेले."

दाभाडेकाकांनी दोन्ही कानांना हात लावले. "शुभ बोल ग पोरी. अभयारण्य आहे हे."

"इथे मेला म्हणत नाहीत," खैरनारमॅडम म्हणाल्या. "गेला पण म्हणायचं नाही. पूर्वी एक साहेब होते, त्यांना ते शब्द सोसायचे नाहीत. एखादं बदक मेलं असं कुणी सांगितलं की दिवसभर जेवायचे नाहीत. म्हणून माणसं त्यांना सांगायला लागली, साहेब, आज एक वाढलं. पुढे क्लार्कने ते वाढीत धरलं."

"चुकून?"

"चुकून कसं? वाढलं म्हटल्यावर वाढीतच धरणार ना? साहेब खूश झाले. मग तीच पद्धत पडली."

"पण ते पक्षी तिथे उभे कसे आहेत?"

"धरले म्हणजे आहेत," खैरनारमॅडम म्हणाल्या. "दर महिन्याला मोजतो, दर महिन्याला असतात."

"आणि मोजलं नाही तर?"

"नसतो. मागे माझ्याकडून एक राखी बगळा राहिला. खाली बघून वर बघितलं तर नव्हता. पाणी हललंसुद्धा नाही. मला मेमो मिळाला."

मग दाभाडेकाकांनी माझ्या हातात क्लिकर ठेवला. अंगठ्याने दाबलं की आकडा एकने पुढे जातो, असं ते छोटं यंत्र. "तीन नंबर आता तुझा," ते म्हणाले. "घरातल्या घरात राहू दे. तू सांगशील तो आकडा. त्यावर कुणी बोलायचं नाही, हा आप्पांचाच नियम. सुरुवात आप्पांपासून कर. आणि पहिल्याला एक म्हणू नकोस, लाभ म्हण. धान्य मोजताना म्हणतात तसं."

मी दुर्बीण आप्पांच्या पाठीवर आणली. स्वेटरची उसवलेली शिवण दिसत होती. मी अंगठा दाबला.

"लाभ," मी म्हणाले.

"वा!" दाभाडेकाका म्हणाले. "बापासारखी हट्टी नाहीस."

मग शेकाट्या घेतल्या आणि दोन, तीन म्हणत पुढे गेले. मोजून संपेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. आप्पांनी दुसरा पाय खाली टेकवला नाही.

आप्पांना काढलं त्या दिवशी ते याच मनोऱ्यावर म्हणाले होते, "समोर उभे आहेत ते पक्षी नाहीत, ती आपली बेरीज आहे. आणि ती जागा अडवून बसली आहे." वाढलेले वजा करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सांगितलं, "मला मोजणीतून काढलं." आई म्हणाली, "मग जेवून घ्या, भात गरम आहे." ते जेवले. त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी ते सकाळपासून गॅलरीत बसायचे, आमच्याकडे पाठ करून.

संक्रांतीला शेजारच्या बिरारीवहिनी आईला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. आप्पा वारले त्याच दिवशी आत्याने आईच्या बांगड्या वाढवल्या होत्या. तेव्हापासून बिरारीवहिनी आमच्या दारात उभ्या राहिल्या नव्हत्या.

"मोजणीत आलेत म्हणे भाऊजी," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला बोलवायलाच हवं. नाहीतर बायका मला नावं ठेवतील."

आईने कपाटातून हिरव्या बांगड्या काढल्या आणि साबणाचा हात लावून चढवायला बसली.

"आई, ते वारलेत," मी म्हणाले.

"मला नको सांगूस. मी जवळ होते. तू बसमध्ये होतीस." तिने एक बांगडी सरकवली. "दोन महिने ही बिरारीण मला जिन्यात बघून 'नळ चालू राहिला' म्हणत आत पळायची. रोज कसा ग हिचा नळ चालू राहतो? आज दारात येऊन उभी राहिली. तू त्यांना मोजत जा सुलू. काय जड आहे? एक बटण तर दाबायचं."

"त्यांना स्वतःला चाललं नसतं."

"त्यांना काय चाललं असतं हे मी चाळीस वर्षं बघितलं. आता मला काय चालतं ते बघ."

संध्याकाळी ती वाण घेऊन परत आली. प्लास्टिकची चहाची गाळणी होती. ती तिने देवापाशी ठेवली.

फेब्रुवारीत कोळपाण्याला पाणी पुरेनासं झालं. महिनाभरात बरेच वाढले होते. वरच्या अंगाने नाल्यातून काळपट, फेसाळ पाणी येत होतं आणि त्यात मासेही वाढले होते. नवे वाढलेले पाण्यात मावले नाहीत म्हणून बांधावर उभे होते, बांधापलीकडच्या गव्हात उभे होते, मनोऱ्याच्या पायऱ्यांवर उभे होते. आम्ही त्यांना धक्का न लावता वर चढलो. एका पायरीवर तलवार बदक होतं. दाभाडेकाका त्याच्या डोक्यावर हात टेकून चढले.

"आपला आकडा बघून लोक तोंडात बोटं घालणार आहेत," ते धापा टाकत म्हणाले. "आणि वजाबाकी म्हणायचे कोळपाणी संपलं! सुलू, वाईट वाटून घेऊ नकोस हं. आता ते आपल्यात आहेत, म्हणून प्रेमाने म्हणतो."

मी दुर्बिणीतून पाहिलं. आप्पा त्याच जागी होते, पण चहूबाजूंनी दाटी झाली होती. त्यांच्या खांद्यावर एक पाणकावळा उभा होता, कारण पाणकावळ्याला दुसरी जागा नव्हती. आप्पांची मान जानेवारीपेक्षा लांब वाटली. राखाडी स्वेटरची वीण कुठे संपते आणि पिसं कुठे सुरू होतात ते सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. चक्रवाकांची जोडी होती. त्यांच्या पंखांखाली वारा होता आणि त्यांची पिसं हलत होती. त्यांनी पाण्यावर एक घिरटी घातली, मग दुसरी. मादीने पाय खाली सोडले. खाली पाठीच पाठी होत्या. तिने पाय वर घेतले. दोघं आणखी एकदा फिरले आणि पूर्वेकडे निघून गेले.

"हे धरायचे का?" मी विचारलं.

"उतरले कुठे?" दाभाडेकाका म्हणाले. "न उतरलेले धरत नाही आपण."

खैरनारमॅडम त्या जोडीकडे ठिपके होईपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं.

"मॅडम, तुम्हाला हे चालतं?" मी विचारलं.

"माझी बदली होईल ताई. मुलगी बारावीला आहे," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, आधी बघवत नाही, मग बघायची सवय होते. तुमचे वडील तर रोज माझ्यासमोर असतात. मी येताना जाताना नमस्कार करते."

"ते काही म्हणतात?"

"पाठ काय म्हणणार?"

मी अंगठा आप्पांवर दाबला. "लाभ," मी म्हणाले. मग पाणकावळा घेतला.

त्या रात्री जेवताना आईने विचारलं, "मोजलं का?" मी हो म्हणाले. तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. वाढली हा शब्द मी मनात म्हटला आणि पोळी तशीच राहिली.

मार्चपर्यंत वाढलेले गावात आले. आधी महामार्गाच्या कडेला दिसले, मग शाळेच्या मैदानावर, मग आमच्या कॉलनीत. रस्ता झाडणाऱ्या बाया त्यांच्याभोवतीने झाडायच्या. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर थापट्या ओळीने उभ्या होत्या. पाण्याच्या टाकीवर बगळे होते. घरात फार नव्हते. न्हाणीत एक टिबुकली होती, बादलीत, आणि आप्पांच्या खुर्चीत एक मुग्धबलाक उभा होता. आई रोज सकाळी ओल्या फडक्याने सगळ्यांच्या पाठी पुसायची. माझी खोली जिन्याकडे असल्याने सुरुवातीला तिच्यात कुणी नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मी पुस्तक काढायला कपाट उघडलं तर वरच्या फळीवर, पुस्तकांच्या मागे, शेकाट्या होत्या. मी पुस्तक न काढता कपाट लावलं. झोपताना मला पाय दुमडून झोपावं लागायचं.

शनिवारी आई फडकं पिळता पिळता म्हणाली, "उद्या मी येते."

"कशाला?"

"सगळे येऊन गेले घरात. हेच तेवढे आले नाहीत. मी जाऊन बघते."

तिने चांगली साडी नेसली आणि डबा घेतला. डब्यात काय आहे ते मी विचारलं नाही, कारण वास येत होता. मेथीची भाजी होती. आप्पांना ती आवडायची.

मनोऱ्याच्या पायऱ्या दिसत नव्हत्या इतके उभे होते. "मावशी, माझा हात धरा," खैरनारमॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आईला जवळजवळ उचलून वर आणलं. दाभाडेकाका इस्त्रीच्या शर्टात होते.

"या वहिनी! आजच्या आकड्याला तुम्ही हव्याच होतात. आपला पहिला नंबर येतोय."

"कशात?" आईने विचारलं.

"वाढीत."

आईने पदर सावरून दुर्बिणीला डोळा लावला. मग म्हणाली, "पाठ दिसतेय."

"हो."

"ओळखीची आहे." ती बाजूला झाली. "अंगावर आणखी दोन पक्षी चढलेत. माणसाने उभं कसं राहायचं?"

तेव्हा पश्चिमेकडून चक्रवाक आले. फेब्रुवारीत जोडी होती, आता थवा होता. मार्चमध्ये ते उत्तरेला परततात, वाटेत एक रात्र कोळपाण्यावर उतरतात आणि मग डोंगर ओलांडतात. इथे विश्रांती मिळाली नाही तर डोंगर ओलांडता येत नाही. हे मला आप्पांनी लहानपणी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ऐकणं सोडून दिलं होतं. थवा फिरत राहिला. त्यातला एक दमून खाली आला आणि उभ्या बगळ्यांच्या पाठींवर उतरायला गेला. त्याचे पाय घसरले. तो दोन बगळ्यांच्या मध्ये पडला आणि अडकला. थोडा वेळ पंख मारत राहिला. मग त्याने आमच्याकडे पाठ केली.

"एक वाढला," दाभाडेकाका म्हणाले. "सुलू, सुरू कर. ऊन चढतंय."

मी क्लिकर घेतला. बांधावर एक टिटवी चालत होती.

"एक," मी म्हणाले.

"लाभ म्हण. आणि आप्पांना सोडून कुठे निघालीस?"

टिटवीच्या पुढे एक ढोकरी मान आखडून मासा शोधत होती. "दोन." ढोकरीच्या पलीकडे थापट्यांची दाटी होती. मी दुर्बीण त्यांच्यावरून सरकवली आणि काही म्हणाले नाही. दुर्बीण सरकली तिथे पाणी दिसायला लागलं.

"अग, अग, अग!" दाभाडेकाका म्हणाले. "हे काय चाललंय? खैरनारमॅडम, थांबवा हिला!"

"विभाग त्यांचा आहे," खैरनारमॅडम म्हणाल्या. "आकडा सांगेपर्यंत बोलता येत नाही."

"अहो, शेवटी तुम्हालाच मेमो मिळेल!"

"सवय आहे."

मी दुर्बीण फिरवत राहिले. तलवार बदकं, चमच्या, मुग्धबलाक. कुणाचा आवाज झाला नाही. ओला कपडा फिरवल्यावर पाटीवरची अक्षरं जातात तसे ते गेले आणि मागे स्वच्छ, मोकळं पाणी राहिलं. लव्हाळ्यात एक खंड्या होता. तो मी घेतला. वर फिरणारा थवा खाली झुकला. पहिला चक्रवाक पाण्यावर उतरला आणि पाणी त्याच्या दोन्ही बाजूंना फाटत गेलं. मग बाकीचे उतरले. मी त्यांना एकेक करून घेतलं. ते सारखे हलत होते. हलणारे मोजायला किती कठीण असतात ते मला त्या दिवशी कळलं.

विभागात आप्पा तेवढे राहिले. खांद्यांवरचे पक्षी नव्हते, शेकाट्या नव्हत्या. मोकळ्या पाण्यात एक म्हातारा माणूस एका पायावर उभा होता.

"आणि हे?" आईने विचारलं.

मी दुर्बीण त्यांच्यावरच धरून ठेवली.

"सुलू, मोज." बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने एका हाताने दुसरं मनगट धरून ठेवलं होतं. "बाकीच्यांचं तुला काय करायचं ते कर. एवढे एक धर. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

ते खरं होतं. तिने आप्पांकडेही कधी काही मागितलं नव्हतं.

"धर ना पोरी," दाभाडेकाका हळू आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते खरे होते की नाही ते मला ठरवता आलं नाही. "माझा मित्र आहे तो. मी कुणाला वजाबाकी म्हणू आता?"

मी दुर्बिणीतून पाहिलं. मी अंगठा दाबला असता तर आप्पा एप्रिलमध्येही तिथेच असते, मे महिन्यात पाणी आटल्यावर भेगाळलेल्या गाळातही तिथेच असते, आमच्याकडे पाठ करून. मला रडू येत नव्हतं. मला त्यांचा राग येत होता. मरून चार महिने झाल्यावरही त्यांच्यासाठी खोटं बोलायचं की खरं, हे मलाच ठरवावं लागत होतं आणि ते पाठ फिरवून उभे होते.

मी क्लिकर खिशात टाकला.

"ते गेले, आई," मी म्हणाले.

इथे न म्हणायचा शब्द मी म्हटला होता. आईच्या हातातलं मनगट सुटलं. मी दुर्बिणीवरून डोळा काढला, कारण आता तिची गरज नव्हती. नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

आप्पा नाहीसे झाले नाहीत. त्यांनी दुसरा पाय खाली टेकवला, थोडे डगमगले, आणि आमच्याकडे वळले.

चेहरा त्यांचाच होता. मोजणी संपवून उशिरा घरी यायचे तेव्हा असायचा तसा, उन्हाने रापलेला, भुकेला. ते काठाकडे चालायला लागले. गुडघ्यामुळे चाल तिरकी होती.

"येतायत," आई म्हणाली. ती डब्याची कडी काढायला लागली.

"मॅडम, हे कशात धरायचं?" दाभाडेकाकांनी विचारलं.

खैरनारमॅडम पाण्याकडे बघत होत्या. कोळपाणी काठाकडे उथळ होत जातं. आप्पांच्या नकाशात ते तसंच आहे, आणि मी लहानपणी तिथे चालले आहे. पण आप्पा एकेक पाऊल काठाकडे टाकत होते आणि पाणी खोल होत होतं. घोट्यापर्यंत होतं ते गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. राखाडी स्वेटर भिजून काळा झाला. ते थांबले नाहीत. चक्रवाकांनी त्यांना वाट करून दिली.

"अहो, तिकडून नका येऊ," आईने ओरडून सांगितलं. तिला कुणी गप्प केलं नाही. "बांधावरून या!"

त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांनी मान वर केली. पाणी छातीला लागलं होतं. ते आता इतके जवळ होते की चष्म्याच्या काचेवरचे थेंब मला दिसत होते. त्यांनी उजवा हात डोक्यावर उंच धरला. हातात चपला होत्या, एकीत एक अडकवलेल्या. पाणी हनुवटीवर आलं, चष्म्यावर आलं, केसांवर आलं. वारा होता आणि केस पाण्यावर एकदा हलले. मग फक्त हात राहिला. पाणी कोपरापर्यंत आलं. चपला कोरड्या होत्या आणि काठाकडे येत होत्या.